अण्णांची कवळी फायनलला नव्हती

आधीच सांगून टाकतो, मी वाईट माणूस नाही. मी दातांच्या कवळ्या बनवतो. वर्षाला तीन-चारशे माणसं माझ्या हातच्या दातांनी जेवतात, हसतात आणि भांडतात. त्यांतले एक माझे सासरे. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या तोंडातले दात माझे, पण त्या दातांमागची जीभ त्यांची स्वतःची, आणि तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

अण्णा बसस्थानकावर उद्घोषक होते. कुठली बस कुठल्या फलाटावर, कुठली किती उशिरा, हे एकतीस वर्षं ते भोंग्यावरून सांगायचे आणि हजारो लोक हातातल्या बॅगा खाली ठेवून ऐकायचे. ही सवय एकदा लागली की सुटते होय! नऊ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि अण्णा आमच्याकडे राहायला आले. येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या. एक त्यांच्या उद्घोषणेच्या खोलीतली फिरती खुर्ची, आणि दुसरी बास्केटबॉलवरची मतं. खुर्ची टीव्हीसमोर ठेवली. मतं घरभर पसरली.

बास्केटबॉल मलाही कळतो. हे वाक्य आमच्या घरात मला नऊ वर्षांत पुरं करता आलेलं नाही. "बास्केटबॉल मला..." इथवर पोचलो की अण्णा म्हणतात, "जावईबापू, तुम्ही दात बघा. खेळ मी बघतो." मग बायको हसते. वरच्या मजल्यावरचा शिंपी हसतो, त्याच्या टीव्हीत सगळी माणसं हिरवी दिसतात म्हणून तो सामन्यांना आमच्याकडेच मुक्काम ठोकून असतो. आणि माझं मत घशातल्या घशात सुकून जातं.

त्या खुर्चीचा एक नियम आहे. दरवर्षी प्लेऑफ संपत आले, दोनच संघ उरले, की फायनलच्या पहिल्या सामन्याचा चेंडू उडायच्या आत अण्णांनी आणि मी आपापलं मत सांगायचं: कोण जिंकणार आणि किती सामन्यांत. सातांपैकी चार सामने जो आधी घेईल तो विजेता. मत बरोबर आलं त्याची वर्षभर खुर्ची, त्याचा रिमोट, आणि तो बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. दोघंही चुकले तर खुर्ची आहे तिथेच. पूर्वी आम्ही चिठ्ठ्या लिहायचो. पण दुसऱ्याच वर्षी माझ्या डाव्या खिशात एका संघाची आणि उजव्या खिशात दुसऱ्या संघाची अशा दोन चिठ्ठ्या सापडल्या. तेव्हापासून मत तोंडानं, आणि सगळ्यांसमोर. नऊ वर्षांत ती खुर्ची एकदाही माझ्याकडे आलेली नाही.

यंदा फायनलला गेंडे आणि बगळे आले. ही त्या संघांची बोधचिन्हं. गेंड्यांचा सेंटर म्हणजे बास्केटखाली पाठ लावून उभं राहिलेलं कपाटच. आम्ही त्याला कपाटच म्हणतो. तो अण्णांचा देव. बगळे सगळे उंच, किडकिडीत, लांबून थ्री-पॉइंटर मारणारे. त्यांचा चेंडू फिरवणारा पोरगा खेळताना जाड चष्मा लावतो, त्याचं नाव चष्मा. तो माझा लाडका. अण्णांच्या मते बगळे खेळत नाहीत, कैऱ्या पाडायला दगड मारतात. मी म्हणतो, अहो, दहांतले चार दगड लागले तरी बारा गुण होतात, आणि तुमचं कपाट दहांतले पाच टाकूनही दहावरच राहतं. म्हणजे असं मी म्हणणार असतो. "अहो, दहांतले..." एवढंच माझ्या वाट्याला येतं.

उपांत्य फेरीचा शेवटचा सामना होता. गेंड्यांविरुद्धचा एक खेळाडू चेंडू न आपटता चार पावलं चालला आणि रेफरीनं शिट्टी वाजवली नाही. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि बसस्थानकाच्या आवाजात ओरडले, "पावलं मोजा रे आंधळ्यांनो!" शेवटच्या अक्षराबरोबर वरची कवळी बाहेर आली, टीपॉयच्या कडेवर आपटली आणि तिचे बरोबर मधोमध दोन तुकडे झाले. एक तुकडा सोफ्याखाली गेला.

अण्णांनी तोंडावर हात ठेवला आणि सामना अर्धा टाकून खोलीत गेले. अण्णांचं बिनदातांचं तोंड माझ्याशिवाय कुणीही पाहिलेलं नाही. "मीसुद्धा नाही पाहिलं हो," असं सासूबाई मला स्वतः म्हणाल्या होत्या. रात्री दिवा मालवल्यावर कवळी काढायची आणि उजाडायच्या आत लावायची, असा माणूस.

सकाळी माझ्या डब्याशेजारी रुमालात गुंडाळलेले दोन तुकडे होते. बायकोनं विचारलं, "किती दिवस लागतील रे?" फायनल तीन दिवसांवर होती. "संध्याकाळी घेऊन येतो," असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"दोन आठवडे," मी म्हणालो.

देवाशप्पथ, मी ठरवलं नव्हतं. पण बोलून बसलो आणि मग काय गंमत वाटली म्हणून सांगू! दोन आठवडे अण्णा गप्प. अख्खी फायनल. अण्णांना मत सांगता येणार नाही, आणि मी माझं वाक्य पूर्णविरामापर्यंत नेऊ शकेन. "तडा सरळ नाहीये ना," मी चेहरा गंभीर करून म्हणालो. "साचा नव्यानं घ्यावा लागेल." बायको औषधांच्या दुकानात काम करते, तिला गोळ्या कळतात, साचे कळत नाहीत. तिनं मान डोलावली. तिच्या मागे, खोलीच्या दारात अण्णा उभे होते. त्यांनीही मान डोलावली.

कारखान्यात गेल्या गेल्या मी दोन्ही तुकडे मेणानं जुळवले, खाली प्लास्टर ओतलं, तड्याच्या कडा घासून गुलाबी मसाला भरला, कोमट पाण्याच्या भांड्यात दाबाखाली ठेवला, आणि अकराच्या चहाआधी कवळी चकाचक पॉलिश करून मोकळा झालो. कुठून तुटली होती ते मलाही शोधावं लागलं असतं. मग ती खणात, दातांच्या रंगांच्या नमुन्यांमागे ठेवून दिली. काम चोख आणि दानत अशी! पण नऊ वर्षं, हो, नऊ वर्षं.

पहिल्या सामन्याला शिंपी आला, बायको आली, अण्णा ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसले.

"अण्णा, तुमचं मत?" मी मधाळ आवाजात विचारलं.

अण्णांनी मान हलवली.

"नाही? अरेरे. मग माझं ऐका. बगळे, सहा सामन्यांत."

चेंडू उडाला आणि मी सुटलो. गेंड्यांचं बचावाचं काय चुकतंय, कोचनं टाइमआउट किती उशिरा घेतला, त्यांच्याच एका वयस्क खेळाडूला, ज्याला सगळे आजोबा म्हणतात, बाकावर का कुजवत ठेवलंय, एकेक मत मी पूर्ण सांगितलं. क्रियापदासकट! दुसऱ्या क्वार्टरला मी चष्म्याबद्दल एक फारच सुरेख मुद्दा मांडत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "श्शू! थांब जरा. अण्णांची भुवई वर गेली."

"मग?"

"म्हणजे त्यांना ते आवडलं नाही."

"डावी गेली," शिंपी पुढे सरकून म्हणाला. "डावी म्हणजे कोचवर राग. उजवी गेली तर रेफरीवर."

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे टीव्हीकडे कमी आणि अण्णांच्या कपाळाकडे जास्त बघायला लागले. अण्णांनी दोन्ही भुवया उचलल्या की बायको म्हणायची, "बघ, अण्णा म्हणतायत आजोबाला आत घ्या." अहो, ते मी म्हणत होतो! दहा मिनिटांपूर्वी, तोंडानं, स्पष्ट शब्दांत! पण शब्द वाया गेले आणि भुवया गाजल्या. माणूस बोलत होता तेव्हा निदान श्वास घ्यायला तरी थांबायचा. भुवयांना श्वास लागत नाही.

तिसऱ्या सामन्याला शिंपी मधेच म्हणाला, "काय हो, माझ्या आईची कवळी तुम्ही दुपारी नेऊन संध्याकाळी दिली होती ना? मधोमधच तुटली होती तीही."

माझा चहा नाकात गेला. "तो तडा होता," मी खोकत म्हणालो. "हा भंग आहे."

"अस्सं," शिंपी म्हणाला. अण्णांच्या दोन्ही भुवया जागच्या जागी होत्या. एवढ्या शांत भुवया मी तोवर पाहिल्या नव्हत्या. मी लक्ष दिलं नाही.

चार सामने झाले, दोन-दोन बरोबरी. आणि इथे माझं मन मला खायला लागलं. जेवणाच्या वेळी अण्णा वाडगा उचलून आपल्या खोलीत जायचे. बायको रोज बटाटे उकडून कुस्करायची, सूप गाळायची, पाव दुधात भिजवायची. "टेबलावर बसायची लाज वाटते रे त्यांना," ती म्हणाली. "काल मी दारावर टकटक केली तर त्यांनी आतून नुसतं हुंकारलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, असा कोपऱ्यात बसून जेवतोय." ती रडली नाही, पण रडली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

पाचवा सामना बगळ्यांनी जिंकला. तीन-दोन. अजून एक, आणि माझं मत अक्षरशः खरं. मी टाळी वाजवून खुर्चीकडे वळलो. "बघा अण्णा! कुठाय तुमचं कपाट?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं, वाडगा उचलला आणि आत गेले. खोलीचं दार हळूच लागलं. मी तिथेच उभा. खरं सांगतो, एवढा मोठा विजय आणि तोंडाला चवच नाही. मला कुणी तरी म्हणायला हवं होतं, की जावईबापू, तुम्ही दात बघा. कुणीच म्हणालं नाही. बायको कपबशा गोळा करत होती. मी ठरवलं, रविवारी दुपारी सहावा सामना आहे, त्याच्या आधी कवळी देऊन टाकायची. लवकर झाली म्हणायचं. शेवटी माझाच सासरा आहे, वैरी नाही.

रविवारी सकाळी कवळी खिशात टाकली आणि सामन्याआधी कचरा टाकायला म्हणून अण्णांच्या खोलीतली बादली उचलली. कागदाच्या बोळ्याखाली सफरचंदाचा गाभा होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय. पण मी चाव्यावर पोट भरणारा माणूस आहे. मी गाभा खिडकीशी नेला, उलटा-सुलटा केला आणि दातांच्या खुणा नखानं मोजल्या. चावा वरच्या पुढच्या दातांचा होता, आणि डावीकडच्या दुसऱ्या दाताची खूण बाकीच्यांपेक्षा किंचित मागे होती. जगात तसा दात मागे ठेवलेली एकच कवळी आहे, आणि ती मी बनवलेली आहे. अकरा वर्षांपूर्वी. सासूबाई लग्नाचा फोटो घेऊन माझ्या कारखान्यात आल्या होत्या. "ह्यांचा हा दात असा आत होता," त्या फोटोवर नख ठेवून म्हणाल्या, "तो तस्साच हवा. नाहीतर मी कुणाकडे बघून हसू?" मी तस्साच ठेवला. चार वर्षांपूर्वी ती कवळी सैल झाली म्हणून मी नवी केली, तेव्हा अण्णा म्हणाले, आता सगळे सरळच लावा.

आणि जुनी? अहो, मी प्रत्येक गिऱ्हाइकाला घसा फोडून दोन गोष्टी सांगतो. एक, पुढच्या दातांनी सफरचंद चावू नका, कापून खा. दुसरी, नवी कवळी मिळाली तरी जुनी टाकू नका, पाण्यात ठेवा, अडीअडचणीला लागते. अण्णांनी माझा पहिला सल्ला धाब्यावर बसवला होता आणि दुसरा तंतोतंत पाळला होता. आणि तो सल्ला मी स्वतः दिलाय, हे मीच विसरलो होतो. माझ्यासारखा शहाणा शोधून सापडायचा नाही.

म्हणजे बारा दिवस ह्या माणसाकडे दात होते. आणि शिंप्याच्या आईची कवळी मी त्याच संध्याकाळी परत केली तेव्हा हा माणूस इथेच खुर्चीत होता, म्हणजे ह्या माणसाला माझं खोटं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग गप्प का? नक्कीच सगळ्यांसमोर, नेमक्या क्षणी, माझी अब्रू भोंग्यावर चढवणार होते.

सामना सुरू व्हायच्या आधी मी धावत खुर्चीपाशी गेलो. "अण्णा, झाली हो एकदाची! रात्रंदिवस खपून लवकर केली!" आणि खिशातून कवळी काढली.

अण्णांनी कवळीकडे बघितलं. मग तळहात पुढे केला, घ्यायला नाही, थांबवायला. टीव्हीकडे बोट दाखवलं. आधी सामना.

"आत्ता लावा की!"

पुन्हा तळहात. मी कवळी खिशात ठेवली आणि बसलो. त्या दिवशी माझ्या तोंडून एकही मत निघालं नाही. चष्म्यानं सलग तीन थ्री-पॉइंटर मारले, मी गप्प. आजोबाला शेवटी आत घेतलं, मी गप्प. शिंप्यानं विचारलंसुद्धा, "काय हो, तुमचेही दात तुटले का?"

शेवटचे चार सेकंद. बगळे एका गुणानं पुढे. कपाटाला फाउल मिळाला, दोन फ्री थ्रो. दोन्ही टाकले तर गेंडे पुढे. कपाटानं चेंडू तीनदा आपटला, टाकला. कडेला लागून बाहेर. शिंपी उभा राहिला. दुसरा टाकला. रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. बगळ्यांनी रिबाउंड पकडला, भोंगा वाजला. बगळे, सहा सामन्यांत.

अण्णा सावकाश उठले. हात पुढे करून खुर्ची दाखवली. बसा. मी बसलो. नऊ वर्षांनी बसलो आणि काटे टोचत होते. अण्णा खोलीत गेले आणि परत आले ते हातात पाण्याचा ग्लास घेऊन.

"अभिनंदन, जावईबापू," अण्णा म्हणाले. स्वच्छ, खणखणीत, फलाट क्रमांक एकपासून शेवटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. बायकोच्या हातातली बशी टीपॉयवर आदळली. "आणि ती खिशातली कवळी काढा आता. बारा दिवस झाले तयार होऊन, कंटाळली असेल."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. "दोन आठवडे," ती एकेक शब्द चावत म्हणाली, "मी माझ्या बापाला बटाटे कुस्करून घालतेय!"

"ते मी खिडकीतल्या मांजरीला घालत होतो," अण्णा म्हणाले. "तिला तू ओळखणार नाहीस आता, बाळ. ढोल झालीय."

"पण अण्णा, दात होते तर तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. मला खरंच रडू येत होतं, आणि त्यांचा आवाज ऐकून इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

"म्हटलं, हा माणूस माझं तोंड बंद करायला स्वतःच्या धंद्याशी बेइमानी करतोय. म्हणजे ह्याच्याकडे बोलण्यासारखं काही तरी असणार. नऊ वर्षं मी बोललो, बारा दिवस ऐकून बघू." अण्णांनी ग्लास टीपॉयवर ठेवला. "ऐकलं."

आणि मग त्यांनी सुरुवात केली. बसचं वेळापत्रक पाठ म्हणावं तसं. पहिला सामना, पहिला क्वार्टर: कोचनं टाइमआउट उशिरा घेतला, चूक, त्याला ते शेवटासाठी राखून ठेवायचे होते. पहिला सामना, दुसरा क्वार्टर: चष्म्याला उजवीकडून आत येऊ द्यावं, तो सुरेख मुद्दा, चूक, उजव्या हाताचं बोट दुखतंय त्याचं, नीट बघा. तिसरा सामना, तिसरा क्वार्टर, आणखी एक मुद्दा, चूक आणि लांबलचक. दहांतले चार दगड, बारा गुण, सगळं. माझं एकेक मत, जसंच्या तसं, माझ्याच शब्दांत. बायकोनं त्यातलं एकही ऐकलेलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शिंप्यानं ऐकलं नव्हतं. ज्याचं तोंड मी बंद केलं, त्या एकट्यानं माझा शब्दन् शब्द ऐकला होता.

"एकूण एकतीस मतं," अण्णा म्हणाले. "तीस चूक."

मी खुर्चीत पुढे सरकलो. "आणि एक?"

"एक बरोबर होतं. मला सुचलं नव्हतं."

"कुठलं?" मी उठलोच. "अण्णा, कुठलं? आजोबांचं? फ्री थ्रोचं?"

अण्णा हसले. डावीकडचा दुसरा दात किंचित आत, फोटोतल्यासारखा. मग माझ्यासमोर, शिंप्यासमोर, पोटच्या पोरीसमोर त्यांनी दोन बोटं तोंडात घातली, कवळी काढली आणि ग्लासात सोडली. बायकोनं तोंडावर हात ठेवला. अण्णांचं तोंड लहान बाळासारखं मऊ आणि मोकळं झालं होतं, आणि अण्णा हसायचे थांबत नव्हते.

"अण्णा, सांगा ना!"

त्यांनी एक भुवई वर केली.